गळाला न लागलेला मासा

मंडळी, नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस आपण सर्वांनीच पाहिला आहे. दिवसभर बसावं आणि तिन्हीसांजेला रिकाम्या हातानं घरी यावं, यात नवल काही नाही. पण एका माशासाठी माणसांनी अर्धी पृथ्वी ओलांडली, चौदा वर्षं खटपट केली आणि तरीही तो मासा हाती आला नाही, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. ती घडली एकोणिसाव्या शतकात, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटात.

या बेटावर इंग्रज येऊन वसले. गाई-मेंढ्या आल्या, सफरचंदाची झाडं आली. पण मायदेशचा सॅल्मन मासा तेवढा नव्हता. बाजारात आपल्या रावसाला कोणी कोणी 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो मासा वेगळा. खरा सॅल्मन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, मोठा व्हायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत परततो. इंग्लंड-स्कॉटलंडात त्याची शिकार करण्याची एक खास तऱ्हा आहे. गळाला गांडूळ लावायचं नाही. पक्ष्यांची पिसं दोऱ्यानं बांधून एक खोटी माशी करायची आणि लांब काठीनं ती पाण्यात फेकायची. हा खेळ ज्यांच्या अंगात भिनला होता, त्यांना टास्मानियाच्या थंड, स्वच्छ नद्या पाहून वाटे, सगळं आहे, फक्त सॅल्मन नाही. मग तो आणायचाच, असं ठरलं.

पण आणायचा कसा? जिवंत मासा इतक्या दूर टिकणार नाही, तेव्हा अंडीच न्यायची. 1852 मध्ये 'कोलंबस' जहाजातून पहिला प्रयत्न झाला. उष्ण पट्ट्यात पाणी तापलं आणि सारं वाया गेलं. 1860 मध्ये 'कर्लिंग' जहाजावर बर्फ दिला, तो वाटेतच संपला. 1862 मध्ये 'ब्यूटिफुल स्टार' निघालं, तेही अपेशी ठरलं. मात्र या तिसऱ्या अपयशानं एक गोष्ट शिकवली. वाहत्या पाण्याच्या तबकांतली अंडी मेली होती. पण सहज म्हणून ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाच्या कोठीत ठेवलेली थोडी अंडी बरेच दिवस जिवंत राहिली होती.

या खटपटीचे पुढारी होते जेम्स यूल. त्यांनी हे सूत्र धरलं. त्या काळी साठवलेल्या बर्फाचा मोठा व्यापार चाले. 1830 नंतरच्या काही वर्षांत मुंबईतसुद्धा अमेरिकेतला बर्फ जहाजानं येत असे. लंडनमधल्या अशाच एका बर्फाच्या तळघरात यूल यांनी 1863 मध्ये अंडी ठेवून पाहिली. थंडीत अंड्यातल्या जिवाची वाढ मंदावते. अंडं मरत नाही, उशिरा फुटतं. तेवढा उशीर जहाजाला पुरेसा होता.

21 जानेवारी 1864 रोजी 'नॉर्फोक' जहाज लंडनहून निघालं. बर्फाखाली लाकडी पेट्या, पेट्यांत शेवाळ आणि शेवाळात सॅल्मनची लाखभर अंडी. फ्रँक बकलंड आणि फ्रान्सिस फ्रान्सिस या मत्स्यप्रेमी गृहस्थांनी ट्राउट नावाच्या दुसऱ्या एका माशाची सुमारे 3,000 अंडीही सोबत दिली. ती कोणी फारशी मागितली नव्हती. 15 एप्रिलला जहाज मेलबर्नला लागलं. काही पेट्या तिथं ठेवून बाकीच्या टास्मानियात प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांवर नेल्या. मे महिन्याच्या आरंभी अंडी फुटू लागली. सॅल्मनची काही हजार पिल्लं निघाली, ट्राउटची मात्र जेमतेम तीनशे. केवढा आनंद झाला असेल!

पुढल्या वर्षी सॅल्मनची पिल्लं आपल्या रीतीप्रमाणे समुद्राकडे गेली. माणसं वाट पाहत राहिली. 1866 मध्ये 'लिंकनशायर' जहाजातून आणखी लाखभर अंडी आली. तीही पिल्लं समुद्रात गेली. पण सॅल्मन काही माघारी येऊन त्या नद्यांत वसला नाही. नदी त्याला मानवली होती. पण या माशाला नदीइतकाच समुद्र लागतो. उत्तर अटलांटिकमधली त्याची चरण्याची ठिकाणं आणि तिथल्या वाटा काही पेटीत भरून आणता आल्या नाहीत.

आणि न मागितलेला ट्राउट? त्याला समुद्राची गरजच नव्हती. तो नद्यांत राहिला, वाढला, पसरला. 1867 मध्ये त्याचीच अंडी न्यूझीलंडला गेली. आज खोट्या माशीनं ट्राउट धरायला लोक दूरदूरहून या दोन्ही देशांत जातात. सॅल्मन आज टास्मानियात आहे, पण जाळ्यांच्या पिंजऱ्यांत. त्याची शेती 1980 नंतर सुरू झाली.

म्हणजे शेवट गोड झाला, असं तुम्ही म्हणाल. पण एक हिशेब राहिला. त्या नद्यांत खवले नसलेले लहान लहान देशी मासे होते, गॅलॅक्सिअस जातीचे. ट्राउटसारखा शिकारी त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यानं त्यांना खाल्लं, त्यांचं अन्न खाल्लं. पुष्कळ ओढ्यांतून ते दिसेनासे झाले आणि काही जाती आज नष्ट होण्याच्या काठावर आहेत. खेळाचा आनंद एकाचा, किंमत मोजली दुसऱ्यानं.

आपल्याकडेही 1952 मध्ये तिलापिया आणला गेला. झपाट्यानं वाढतो म्हणून आणला आणि त्याच गुणानं तो अनेक तळ्यांत देशी माशांच्या मुळावर आला. म्हणून मंडळी, शेततळ्यात किंवा गावतळ्यात नवं बीज सोडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हा मासा कुठला, खातो काय, आणि पुराच्या पाण्याबरोबर निसटला तर जाईल कुठं? आणि शिक्षकबंधूंनो, एखाद्या सकाळी मुलांना नदीवर न्या. तिथल्या माशांची गावातली नावं जाणत्या कोळ्यांकडून लिहून घ्या. जे आपल्या नदीत आहे, त्याची ओळख आधी झालेली बरी.