तळटीप १७ : लाकडी रोलरकोस्टर

१७. ‘गोराईची गाडी’ म्हणजे एस्सेलवर्ल्ड (१९८९ ते २०२२) या मनोरंजन उद्यानातले रोलरकोस्टर. बोरिवलीकर तिथे बहुधा खाडी ओलांडून बोटीने जात. तिथला रूळ पोलादी नळ्यांचा होता. आत्याबाई बसल्या ते कोनी आयलंडचे ‘सायक्लोन’ (१९२७) मात्र लाकडी जातीचे. त्याचा सांगाडा पोलादी असला, तरी रूळ लाकडी फळ्यांच्या थरांचा असून चाके त्यावर ठोकलेल्या सपाट पट्टीवरून धावतात. लाकूड ऊन-पावसाने फुगते, आकसते, धक्के बसायचेच. पण किती, हे बरेचसे गाडीवर ठरते. दोन ताठ आसांचा लांब डबा वळणावर रुळाला घासत, ओढला जातो. एकाच आसाचे, आखूड, एकमेकांना सांधलेले डबे वळणासरशी वळतात. फ्लोरिडातल्या ‘ग्वाझी’ (१९९९) या लाकडी रोलरकोस्टरला याच कारणाने २०११ मध्ये जुन्या गाड्या काढून अशा गाड्या दिल्या. तरीही २०१५ मध्ये ते बंद झाले; नुसती गाडी बदलून भागत नाही, असे दिसते. शिवाय आत्याबाईंनी लोकलच्या सवयीने शेवटचा डबा धरला. पुढचे डबे उतारावर खेचत असल्याने तो माथा सर्वांत वेगाने ओलांडतो, आणि माणूस आसनावरून सर्वांत जास्त उचलला जातो तोही तिथेच.