रॅम वाढवली आणि संगणक मुका झाला : कुलाबा ते लॅमिंग्टन रोड

#थ्रेड

१/
संगणकाला जास्तीची रॅम बसवावी, कळ दाबावी, पंखा फिरू लागावा, दिवा लागावा आणि पडदा मात्र काळाच राहावा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील कितीतरी घरांनी, शिकवणीवर्गांनी आणि छोट्या छापखान्यांनी हा क्षण अनुभवला आहे. यंत्राचे बळ वाढावे म्हणून पैसे खर्च केले आणि यंत्रच मुके झाले. या मुकेपणामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याचे भारतातील पहिले पान मुंबईच्याच दक्षिण टोकाला, कुलाब्यात लिहिले गेले.

२/
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने संगणक बांधायला घेतला. १९५६ साली छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र. १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक असलेला हा पसारा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात उभा होता. दोष शोधायचा तर सांगाड्याची दारे उघडूनच आत पाहावे लागे.

३/
टिफ्रॅकची रचना अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील प्रसिद्ध यंत्राच्या धर्तीवर होती. स्मृतीच्या बाबतीत मात्र मुंबईकरांनी वेगळी वाट धरली. प्रिन्स्टनच्या यंत्रात स्मृती कॅथोड किरणनळ्यांवर साठवली जाई. टिफ्रॅकमध्ये त्या जागी फेराइटची बारीक चुंबकीय कडी आली. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या भाषेत अवघे १० केबी. ८ जीबीच्या एका पट्टीत अशा आठ लाखांहून अधिक टिफ्रॅकची स्मृती मावेल.

४/
फेराइटच्या त्या स्मृतीचे दोन गुण ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, कड्यांतून तारा ओवलेल्या असत. स्मृती यंत्रात अक्षरशः विणलेली असे. ती खिशात घालून आणता येत नसे आणि खाचेत खोचताही येत नसे. दुसरा गुण असा की वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिके. यंत्र बंद झाले म्हणून स्मृती पुसली जात नसे.

पुढच्या काळात हे दोन्ही गुण गेले. काळ्या पडद्याचे मूळ तेथेच आहे.

५/
१९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या स्मृतिपेशीचे पेटंट मिळाले आणि १९७० साली इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. या नव्या स्मृतीत प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून सेकंदातून अनेकदा भरावा लागतो. स्वस्त, दाट, वेगवान, पण विसरभोळी. वीज गेली की सारे पुसले.

साहजिकच अशा यंत्राला दर वेळी जागे होताना आपली स्मृती जागेवर आहे का आणि धड आहे का, हे पहिल्यापासून तपासणे भाग पडले.

६/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यात ही तपासणी कायमस्वरूपी चिपमध्येच कोरलेली होती. सुरुवातीच्या १६ केबी स्मृतीची परीक्षा पडदा चालू होण्याच्याही आधी घेतली जाई. कारण उघड आहे : पडद्यावर अक्षर उमटवण्याचे काम करणाऱ्या सूचनांनाच स्मृतीचा आधार लागतो. स्मृतीच नापास झाली तर यंत्र आपली तक्रार लिहून दाखवणार कोठे?

रॅम बिघडल्यावर संदेश दिसण्याऐवजी पडदा काळा का राहतो, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

७/
पडदा नसेल तर आवाज. म्हणून यंत्राच्या पोटातील छोट्या स्पीकरवर ‘बीप’ची भाषा आली, आणि प्रत्येक कंपनीने ती आपापल्या परीने घडवली. एएमआयच्या बायोसमध्ये तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबीत दोष. अवॉर्डच्या बायोसमध्ये लांब बीप थांबून थांबून वाजत राहिला की संशय रॅमवरच. एकच संकेत सर्वांनी मानला असता तर दुरुस्ती करणाऱ्यांचे बरेच श्रम वाचले असते.

८/
हे यंत्र मुंबईच्या गल्लीबोळांत पोहोचायला मात्र वेळ लागला. १९८४ सालच्या नोव्हेंबरात केंद्राचे नवे संगणक धोरण आले, आयातीची बंधने सैल झाली. १९९१ नंतर ती आणखी सैल झाली. या बदलाचा खरा बाजार भरला तो ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले होते. पालिकेने पुढे त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे केले, तरी ग्राहकाच्या तोंडी जुनेच नाव राहिले. ‘शोले’ पाच वर्षे चाललेले मिनर्व्हा चित्रपटगृह याच रस्त्यावरचे. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर आता मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि रॅम मिळू लागली. कंपनीचा संगणक न परवडणारा ग्राहक येथून ‘असेंबल्ड’ संगणक जुळवून नेऊ लागला.

९/
तोवर रॅमचे रूपही पालटले होते. सुरुवातीला सुट्या चिपा मदरबोर्डावरील खोबणीत बोटाने दाबून बसवाव्या लागत, आणि यंत्र तापून-निवून त्या हळूहळू वर सरकत. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील वँग लॅबोरेटरीजने चिपा एका छोट्या पट्टीवर जोडण्याची युक्ती काढली. हीच सिम. आता स्मृती कोणालाही विकत घेता येई, बसवता येई, काढता येई.

आणि चुकीचीही बसवता येई.

१०/
३० पिनांची सिम एका वेळी ८ बिट देई. ४८६ प्रोसेसरला ३२ बिट लागत, म्हणून चार सारख्या पट्ट्या एकदम लावाव्या लागत. ७२ पिनांच्या पट्टीने ती अडचण सोडवली, तोच पेंटियम आला. त्याला ६४ बिट हवे, म्हणून पट्ट्यांची जोडी हवी. हौसेने एकच नवी पट्टी आणणाऱ्याला काळा पडदाच दिसे. दोष ना पट्टीत होता, ना संगणकात. हिशेब अपुरा होता.

११/
पुढे डिम आली, आणि मग डीडीआरच्या पिढ्या. प्रत्येक पिढीचा विजेचा दाब वेगळा : डीडीआर २.५ व्होल्ट, डीडीआर-२ला १.८, डीडीआर-३ला १.५, डीडीआर-४ला १.२. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून कडेची खाच दर पिढीत थोडी सरकवली गेली. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना आणि लांबीही सारखीच. फरक तो खाचेचा. ती न पाहता जोर लावणाऱ्याने पट्टीही गमावली आणि कधीकधी मदरबोर्डही.

१२/
२१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये मोठा भूकंप झाला आणि जगभर रॅमचे भाव कडाडले. भाव चढले की जुनी पट्टी फेकवत नाही. ग्राहक जुन्या पट्टीशेजारी जी मिळेल ती नवी लावतो. एसडीरॅमच्या काळापासून प्रत्येक पट्टीवर आपला वेग आणि क्षमता सांगणारी एक इवलीशी चिप असते खरी. पण दोन पट्ट्या दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागल्या तर त्यांचे जमतेच असे नाही. त्यातच दाट चिपांच्या पट्ट्या जुन्या मदरबोर्डांना ओळखता येत नसत. इंटेलच्या ४४०बीएक्स संचावर अशी २५६ एमबीची पट्टी १२८ एमबीचीच दिसे. फसवणूक झाल्याच्या समजुतीने ग्राहक दुकानात परते. खरा मुद्दा मदरबोर्डाच्या वयाचा असे.

१३/
या साऱ्यात मुंबईची स्वतःची भर म्हणजे हवा. समुद्राकाठचा दमटपणा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ आणि खाचेतील धातूवर गंज धरतो. एका बाजूला सोने आणि दुसऱ्या बाजूला कथील असेल तर हा त्रास अधिक. त्यावर रूढ झालेला उपाय शाळेच्या दप्तरातला : खोडरबर. पट्टी काढायची, दात खोडरबराने हलके पुसायचे, चुरा झटकायचा, पुन्हा बसवायची. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने हे वारंवार करणे घातक, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अधिक बरा. तरीही खोडरबराने जिवंत झालेल्या संगणकांची गणती कोणी ठेवली असती तर ती मोठीच भरली असती.

१४/
पावसाळा संपतो त्याच सुमारास मराठी छपाईचा सर्वांत घाईचा हंगाम येतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली. तेव्हा गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांत जुळारी हाताने खिळे जुळवत. १९९०च्या दशकात त्या खिळ्यांची जागा पेजमेकर आणि श्री-लिपी यांनी घेतली. पाने जड झाली, संगणक अडखळू लागला, की रॅम वाढवण्याची गरज नेमकी अंक छपाईला जाण्याच्या तोंडावर भासे. अनेक ठिकाणी संगणक एकच असे. तो मुका झाला की पहिली भीती एकच : जुळवलेला मजकूर गेला का?

१५/
ही भीती शब्दामुळे वाढली. टिफ्रॅकच्या काळात ‘मेमरी’ वीज गेल्यावरही टिके. आता ‘मेमरी’ म्हणजे क्षणिक रॅम, आणि टिकाऊ साठा म्हणजे हार्ड डिस्क. सामान्य बोलण्यात दोन्हींना एकच शब्द. प्रत्यक्षात रॅम न बसल्याने संगणक सुरूच झाला नाही, तर हार्ड डिस्कवरच्या मजकुराला सहसा धक्का लागत नाही. अशा वेळी घाबरून डिस्क फॉरमॅट करणे हे खरे नुकसान. दोष अर्ध्या तासाचा असतो, हानी मात्र अख्ख्या अंकाची होते.

१६/
कसबी माणसाची रीत उलट दिशेने जाणारी. आधी विजेची वायर काढायची. नवी पट्टी बाजूला ठेवून जुनी एकटी लावायची. संगणक सुरू झाला, तर मदरबोर्ड आणि वीजपुरवठा ठीक आहेत हे ठरले. मग जुनी काढून नवी एकटी, त्याच खाचेत. ती चालली, तर तीच दुसऱ्या खाचेत. नवी कोठेच चालली नाही, तर पट्टी सदोष किंवा न जुळणारी; एखादी खाचच अडली, तर खाच. दोन्ही एकएकट्या चालतात पण एकत्र नाहीत, तर त्यांचे एकमेकींशी जमत नाही.

पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘कट’ असा आवाज करेपर्यंत दाबायची. अर्धवट बसलेली पट्टी हे सर्वांत साधे आणि बहुधा सर्वांत जास्त वेळा निघणारे कारण. हाताच्या धक्क्याने शेजारची वायर किंवा ग्राफिक कार्ड सैल झाले नाही ना, हेही पाहायचे. तरीही यश नसेल, तर बटणाएवढा गोल सेल काही वेळ काढून ठेवायचा, म्हणजे यंत्राने लक्षात ठेवलेली जुनी मांडणी पुसली जाते. प्रोसेसर किंवा पट्टी मदरबोर्डाहून नवी असेल, तर बायोस अद्ययावत करावे लागते.

१७/
चार खाचांच्या आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर दोनच पट्ट्या लावायच्या असतील, तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते; पहिल्या दोन शेजारी खाचा दिसायला सोयीच्या, पण चुकीच्या. स्पीकरही आता बहुधा नसतो. त्याच्या जागी मदरबोर्डाच्या कडेला ‘डीरॅम’ असे लिहिलेला बारीक दिवा असतो, आणि पेटीचे झाकण उघडल्याखेरीज तो सहसा नजरेस पडत नाही.

१८/
डीडीआर-५ ने आणखी एक नवी गोष्ट आणली. या स्मृतीचा वेग इतका की नवी पट्टी बसवल्यावर पहिल्या वेळी प्रोसेसर तिच्या प्रत्येक तारेवरील संकेतांची वेळ स्वतः मोजून जुळवतो. हे काम कधीकधी काही मिनिटे चालते आणि त्या वेळात पडदा काळाच असतो. बिघाड समजून कोणी घाईने कळ दाबून यंत्र बंद केले, की पुढच्या वेळी ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.