वेरूळचा मृत्तिका-गिलावा आणि अवरक्त वर्णपट : एका इतिहाससाधनाचा विचार

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील देऊळघाटापलीकडील टेकड्यांत पैनगंगा उगम पावते. अजिंठ्याची ही डोंगररांग दख्खनच्या बेसाल्ट खडकाची असून याच खडकात अजिंठा व वेरूळ येथील लेणी कोरली गेली. कोरीव भिंतीवर गिलावा आणि त्यावर चित्र, अशी येथील कारागिरांची रीत होती. लेण्यांतील शिलालेख प्रामुख्याने दात्यांविषयी बोलतात. गिलाव्याच्या कृतीविषयी ते मौन बाळगतात. म्हणूनच मातीच्या खनिजांत अडकून राहिलेले सेंद्रिय द्रव्य हे इतिहासाचे साधन ठरते. अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने हे साधन कितपत वाचता येते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पद्धतीचा विकास

१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडील अदृश्य उष्ण किरण शोधले. १९०५ मध्ये विल्यम कोब्लेंट्झ यांनी अनेक संयुगांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले आणि विशिष्ट अणुगट विशिष्ट तरंगलांबीचे किरण शोषतात, हे स्पष्ट झाले. १९६५ मधील कूली व ट्यूकी यांच्या गणनपद्धतीने फूरिए रूपांतर सुलभ झाले. त्यामुळे अल्पशा नमुन्याचाही सूक्ष्म वर्णपट मिळू लागला.

वेरूळचा पुरावा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी रसायनज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांचे संशोधन २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले असल्याचे त्यांनी दाखविले. नमुन्यात त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही आणि तेथील चित्रांची कीटकांमुळे मोठी हानी झाली. वेरूळचा गिलावा त्या मानाने टिकला, याचे श्रेय संशोधकांनी भांगेला दिले.

पुराव्याची मर्यादा

तथापि केवळ वर्णपटावरून हा निष्कर्ष निघू शकत नाही. सेल्युलोज सर्वच वनस्पतींत असते. वर्णपट तंतूचे अस्तित्व सांगतो, त्याची जात निःसंशयपणे सांगत नाही. शिवाय मातीतील सिलिकेटचा प्रबळ पट्टा १०३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि सेल्युलोजचे महत्त्वाचे पट्टे त्याखाली झाकले जातात. अशा वेळी २९०० च्या जवळील कार्बन-हायड्रोजन बंधाच्या पट्ट्याचा आधार घ्यावा लागतो. म्हणूनच या संशोधनात सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची रचना पाहून ताज्या भांगेशी तुलना करण्यात आली. एका साक्षीदाराच्या कथनास दुसऱ्याचा दुजोरा हवा, हा इतिहासलेखनाचा नियम प्रयोगशाळेतही लागू पडतो.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे रोगण दिले. हेतू रक्षणाचा होता. परंतु कालांतराने रोगण पिवळे व काळपट पडून चित्रे झाकोळली आणि ते काढण्याचे जिकिरीचे काम पुढील पिढ्यांवर आले. मूळ द्रव्य कोणते, हे जाणल्यावाचून केलेली दुरुस्ती हीच हानी ठरू शकते. गिलाव्याचा कण हा दस्तऐवज आहे. दुरुस्तीचा हात लागण्यापूर्वी त्याचे वाचन होणे अगत्याचे आहे.