सोळाव्या वर्षी घरातली स्कूटर चालवता येते का? नियम आणि पहिल्या महिन्यांतल्या सवयी

दहावी झाली, क्लास सुरू झाला की घराघरांत एक मागणी हमखास होते, "मला गाडी द्या ना!" पालकांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं की सोळा पूर्ण झाले की बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. मग घरातली स्कूटर द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. लुनासारख्या मोपेडच्या काळात या सवलतीला अर्थ होता. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर बहुतेक ११० ते १२५ सीसीच्या असतात. त्यांना गिअर नसला तरी वयाची अट अठराचीच लागते. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किमीच्या आत धावणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही हे खरं. पण तिचा वेग कुणाकडून वाढवून घेतला, तर ही सूट संपली.

२०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९९अ पालकांनी नीट वाचावं असं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर या तरतुदींची बरीच चर्चा झाली. शिवाय अपघातात कुणी दगावलं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते.

आता समजा, अठरा पूर्ण झाले आणि लर्निंग लायसन्स हातात आलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. बहुतेक मुलं हे तीस दिवस आठचा आकडा काढण्यात घालवतात. पण आठच्या आकड्यात तोल कळतो, रस्ता कळत नाही.

रस्त्यावर आधी समजायला हवं ते अंतर. ताशी ४० किमी वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, ६० ला जवळपास १७ मीटर. समोर कुत्रं आडवं आलेलं दिसणं आणि हाताने ब्रेक दाबणं यात साधारण एक सेकंद जातोच, म्हणजे तेवढे मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपले. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४० चे ६० केले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर सव्वादोन पट! "मी तर साठनेच चालवत होतो" म्हणणाऱ्या मुलाला हा हिशेब एकदा कागदावर करायला लावा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश एक, दोन मोजा. दोन म्हणायच्या आत तुम्ही खांबापाशी पोहोचलात, तर फार चिकटून चालला आहात.

नवशिके पुढच्या ब्रेकला घाबरतात. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे सरळ आणि कोरड्या रस्त्यावर पुढचं चाकच जास्त धरून ठेवतं. मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत थांबण्याचा सराव करावा. वळणावर, वाळूवर आणि पहिल्या पावसात मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणंही तशीच.

एसटी किंवा ट्रकच्या डाव्या बाजूच्या फटीतून पुढे घुसायची सवय लागूच देऊ नका. आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आणि तो डावीकडे वळला तर जागा उरत नाही.

हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं आणि पट्टा लावलेला हवा. कोपरात अडकवलेल्या हेल्मेटबद्दल काय बोलणार! मोबाईल डिकीत टाकावा. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये खोचून बोलणं म्हणजे हँड्सफ्री नव्हे. आणि लर्निंग लायसन्सवर मित्राला मागे बसवून चक्कर मारायला नियमात परवानगी नाही. मागे बसायचंच तर लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याने, गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावून.

सरावाची सुरुवात रविवारी सकाळच्या रिकाम्या गल्लीतून करा. मग वाहता रस्ता, मग चौक आणि सिग्नल, मग पाऊस आणि रात्र. हायवे सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी दिवसा.