शेटलंडचे जाळीदार मोजे

स्कॉटलंडच्या उत्तरेला, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्या सीमेवर शेटलंड बेटे आहेत. झाडे विरळ, वारा बारमाही आणि कसदार जमीन थोडी. पण येथली लोकर नामांकित. स्थानिक मेंढी अंगाने लहान असते. उन्हाळ्याच्या तोंडाला तिची जुनी लोकर आपसूक सुटू लागते. ती कातरण्याऐवजी हाताने उपटून घेण्याची रीत होती. मानेजवळची लोकर सर्वांत तलम, म्हणून जाळीच्या विणकामासाठी तिचे सूत कातले जाई.

या बेटांचा विणकामाचा व्यापार मोज्यांपासून सुरू झाला. सतराव्या शतकात हेरिंग मासळीच्या हंगामासाठी डच नौका दर उन्हाळ्यात शेकड्यांनी ब्रेसे सामुद्रधुनीत नांगर टाकत. बेटांवरच्या स्त्रिया त्या खलाशांना लोकरीचे जाडेभरडे मोजे विकत. याच देवघेवीच्या आधाराने किनाऱ्यावर लर्विक हे गाव वाढले. 1951 मध्ये गनिस्टर येथे दलदलीच्या मातीत सतराव्या शतकाच्या अखेरीस पुरलेल्या एका पुरुषाची वस्त्रे सापडली. त्यांत विणलेले लांब मोजे, हातमोजे, टोप्या आणि एक थैली होती. थैलीतली नाणी डच व स्वीडिश होती.

विणकाम हा येथे स्वतंत्र धंदा नव्हता. इतर कामांच्या फटींत ते बसवलेले असे. पुरुष मासेमारीला समुद्रावर गेले की शेत, गुरे आणि सरपण स्त्रियांकडे येई. सरपण म्हणजे पीट, दलदलीतून कापून वाळवलेली माती. ते पाठीवरच्या टोपलीत भरून आणताना वाटेतही त्यांचे हात विणत असत. कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा असे. सुईचे एक टोक त्यात रोवले की सुई स्थिर राही आणि चालता चालता टाके पडत. असे काम साध्या मोज्यांचे. जाळीला मात्र स्वच्छ हात, बसायला जागा आणि मोजणीवर लक्ष लागे. त्यामुळे एकच स्त्री वेळ आणि जागा पाहून वेगवेगळी कामे हाती घेई. सुयांवर अर्धवट राहिलेले काम ही तिथल्या घरांची नेहमीची स्थिती होती.

यंत्रावर विणलेले स्वस्त मोजे आणि नेपोलियनच्या काळातली युद्धे यांमुळे जाड मोज्यांची मागणी घटली. तेव्हा स्त्रिया तलम कामाकडे वळल्या. जाळीचे तत्त्व साधे आहे. सुईवर लोकरीचा एक वेढा घेतला की छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. जवळचे दोन टाके एकत्र विणले की तो कमी होतो. छिद्रे कुठे पाडायची यावर नक्षी ठरते. लाट, मांजराचे पाऊल, घोड्याची नाल अशी तिची नावे रोजच्या पाहण्यातली होती. मोज्यांत आणखी एक कसोटी असे. पोटरीकडून घोट्याकडे टाके घटत जाताना नक्षी मोडता कामा नये, आणि दुसरा मोजा पहिल्याशी तंतोतंत जुळला पाहिजे.

या कलेला दरबारी प्रतिष्ठा मोज्यांनीच मिळवून दिली. लर्विकजवळ 1792 मध्ये जन्मलेले आर्थर अँडरसन पुढे पी अँड ओ या जहाज कंपनीचे सहसंस्थापक झाले. त्यांनी 1837 मध्ये उन्स्ट बेटावर विणलेले जाळीदार मोजे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले. लवकरच जाळीच्या शालींना लंडनमध्ये मागणी आली आणि 1851 च्या मोठ्या प्रदर्शनात शेटलंडचे विणकाम मांडले गेले. लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येणाऱ्या शाली त्याच परंपरेतल्या.

कीर्ती वाढली, तरी विणणारीच्या हाती पैसा क्वचितच येई. दुकानदार मोबदला म्हणून चहा, कापड असा दुकानातलाच माल देत. धान्यासाठी काही स्त्रियांना तो चहाच दुसऱ्याला द्यावा लागे. सरकारी आयोगाने स्त्रियांच्या साक्षी घेऊन 1872 मध्ये या पद्धतीवर अहवाल दिला. मालाच्या रूपात मजुरी देण्याविरुद्धचा कायदा 1887 मध्ये अधिक व्यापक करण्यात आला. तरी ही रीत संपायला बराच काळ गेला. महिनोन्‌महिने डोळे ताणून केलेल्या कामाचे मोल ठरवण्याचा अधिकार विणणारीला नव्हता, हा या इतिहासातला मोठा अन्याय आहे.

विसाव्या शतकात फेअर बेटाच्या रंगीत स्वेटरांची लाट आली आणि तलम जाळी विणणारे हात कमी झाले. आता लर्विकचे संग्रहालय आणि उन्स्टचे वारसा केंद्र जुने नमुने जपतात. 2011 मध्ये स्थानिक लोकरीला युरोपीय महासंघाचे भौगोलिक संरक्षणही मिळाले.