हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या ओव्हरहॉलचं सरकारी कंत्राट नेमकं कुणाला मिळतं?

१७ जून २०२१. रेवदंड्याजवळ 'एमव्ही मंगलम' या जहाजात पाणी शिरलं होतं. जहाजावर १६ जण, समुद्र खवळलेला. तटरक्षक दलाने 'सुभद्राकुमारी चौहान' हे जहाज पाठवलं आणि दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टर उडाली. सगळेच्या सगळे १६ जण वाचले.

चेतक म्हणजे मूळच्या फ्रेंच हेलिकॉप्टरची एचएएलने परवान्यावर बनवलेली आवृत्ती. डोक्यावर तीन पाती, रोटरचा व्यास ११ मीटर. ही पाती फिरताना टोकाचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे जातो. या वेगात पावसाचा थेंबही खड्यासारखा लागतो. त्यात कोकण किनाऱ्यावरची खारी हवा आणि उतरताना उडणारी वाळू. पात्याची पुढची कड झिजते, रंग उडतो, धातू गंजायला लागतो.

म्हणून ठराविक तासांनी पाती उतरवून ओव्हरहॉलला जातात. रंग काढतात, भेगा शोधतात. आतला थर सुटलाय का हे बघायला पात्यावर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकतात. आवाज बद्द आला की शंका घ्यायची. (माठ घेताना आपण हेच करतो.) नवीन मशिनं आली तरी ही पद्धत टिकून आहे. शेवटी वजनाचा तोल जुळवतात, कारण एक पातं किंचित जरी जड झालं तरी अख्खं हेलिकॉप्टर थरथरतं. झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर पातं थेट भंगारात.

सगळ्यात कमी बोली लावली की काम मिळतं?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. अशा टेंडरमध्ये सहसा दोन लिफाफे असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात पास झालेल्यांचेच दर बघितले जातात. तांत्रिक भागात मूळ कंपनीचे अधिकृत मॅन्युअल, प्रशिक्षित माणसं आणि मान्यता हे सगळं लागतं. नागरी हेलिकॉप्टरसाठी डीजीसीएची कार-१४५ मान्यता, लष्करी कामात सेमिलॅक आणि डीजीएक्यूए या संस्था. मूळ कंपनीने मॅन्युअलच दिलं नाही तर स्वस्त दराचा काही उपयोग नाही. त्यामुळे चेतक आणि ध्रुवचं बरंचसं काम फिरून एचएएलकडेच जातं.

मुदतही महत्त्वाची. पाती वर्कशॉपमध्ये अडकली आणि बदली संच नसला, तर हेलिकॉप्टर हँगरमध्ये बसून राहतं. म्हणूनच उशीर झाला की बिलातून दंड कापण्याची अट असते.

येणारं काम आधी कसं कळतं?

टेंडर निघाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, मान्यता मिळवण्यातच बराच वेळ जातो. मोठ्या कामांआधी सरकार अनेकदा 'आरएफआय' काढतं, म्हणजे हे काम कोण करू शकतं याची नुसती चौकशी. खरी बातमी तीच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून काय घ्यायचं याचा वार्षिक आराखडाही सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी वेबसाइटवर टाकणं अपेक्षित आहे. बाकी टेंडर जेम पोर्टल, केंद्राचं ई-खरेदी पोर्टल आणि एचएएलच्या स्वतःच्या पोर्टलवर येतात.

मग तळोज्यातल्या छोट्या कारखान्याने काय करावं?

पात्याला हात लावायचं काम लगेच मिळणार नाही. पण पाती नेण्याचे पेटारे, हँगरमधल्या ट्रॉल्या, पातं धरून ठेवणारे फिक्स्चर हेही कुणीतरी बनवतंच. इथे उड्डाणयोग्यतेची लांबलचक प्रक्रिया सहसा आड येत नाही. २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, आणि या उद्योगांना अनामत रक्कमही माफ असते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ नाही म्हणा.