हंडीचे थर आणि यंत्रांचे गुण

दहिसर हे मुंबईचे उत्तर टोक. गोपाळकाल्याच्या दिवशी तेथील गल्लीबोळांतून गोविंदा पथके हिंडू लागली की जो तो एकच प्रश्न विचारतो : किती थर लागले? पथक किती शिस्तीने चढले, सर्वांत वरचे पोर किती सुखरूप उतरले, याची चौकशी क्वचितच होते. कारण बक्षीस थरांना असते. ज्या गोष्टीला बक्षीस, तीच गोष्ट वाढीस लागते, हा जगाचा न्याय आहे. थर वाढले तशी मुलांच्या जिवाची काळजीही वाढली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या उंचीला २० फुटांची आणि गोविंदाच्या वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. पुढे २०१७ साली उंचीची मर्यादा उठली. मात्र १४ वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. बक्षीस कशाला द्यावे हा वरवर हिशेबाचा दिसणारा प्रश्न मुळात नीतीचा आहे, हे त्यावरून ध्यानी येईल.

हीच हंडी २००८ साली एका निराळ्या रिंगणात बांधली गेली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांची संघटना विद्यार्थ्यांनी बनविलेल्या यंत्रमानवांची 'रोबोकॉन' नावाची स्पर्धा भरविते. तिचा आरंभ २००२ साली टोकियोत झाला. यजमान देश आपल्या परंपरेतील एखादा विषय निवडतो आणि त्यावर खेळ रचला जातो. २००८ साली यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा विषय ठरला तो गोविंदाचा. मडक्यांतून लोणी काढण्याचे काम यंत्रांवर सोपविले गेले. नेमलेली कामगिरी सर्वांआधी पुरी करणारा संघ 'गोविंदा' साधी आणि सामना तत्काळ संपे. अजिंक्यपद चीनमधील शियान जिआओतोंग विद्यापीठाने मिळविले. कृष्णाची हंडी चिनी विद्यार्थ्यांच्या यंत्राने फोडावी, यात प्रेक्षकांना कौतुकच वाटले असेल.

परंतु अशा खेळात क्रम लावणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. समजा, एका संघाने एका मिनिटात कामगिरी पुरी करून सामना संपविला. दुसऱ्या संघाने पूर्ण तीन मिनिटे रेंगाळत गुण जमविले. साखळी फेरीअखेर केवळ गुणांची बेरीज पाहिली, तर चपळ संघ मागे पडेल आणि संथ संघ पुढे जाईल. जो लवकर जिंकला, त्याला लवकर जिंकण्याचीच शिक्षा! यास्तव प्रथम विजय मोजावे, गुण नंतर पाहावे. आणि गुण पाहावयाचेच तर वेळेआधी जिंकणाऱ्यास पूर्ण गुण द्यावे, हे न्यायाला धरून होते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. हुतुतूचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंना ठाऊक आहेत. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होई. गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत तो बाहेर बसे. अमरमध्ये गडी मैदानातच राही, फक्त गुण मांडला जाई. मैदान तेच, दमही तोच. परंतु हिशेब बदलताच खेळण्याची सारी रीत बदले. गुणलेखक हा खेळाडूंइतकाच खेळ घडवितो, तो असा.

याचे अत्यंत बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील आहे. डीन केमन यांनी १९८९ साली स्थापिलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची शालेय यंत्रमानव स्पर्धा १९९२ साली २८ संघांनिशी सुरू झाली. पुढे तीत तीन संघांनी मिळून तीन संघांशी सामना खेळण्याची पद्धत रूढ झाली. २०१० सालचा खेळ फुटबॉलच्या धर्तीवर होता. बलवानाने दुबळ्याला चिरडू नये, या सद्हेतूने असा नियम झाला की जिंकणाऱ्या पक्षास आपले गुण अधिक हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट मिळावी आणि हरणाऱ्यास जिंकणाऱ्याइतके गुण मिळावे. हेतू उदात्त होता. पण चतुर मुलांनी गणित मांडले. हार निश्चित असेल तर स्वतःच्या गोलांनी आपला काहीच लाभ नाही. उलट प्रतिपक्षाचे गोल वाढविले तर आपलेही गुण वाढतात! परिणामी कित्येक सामन्यांत हरणारा पक्ष प्रतिपक्षासाठीच गोल करू लागला. मुलांनी लबाडी केली असे म्हणता येत नाही. त्यांनी नियम नीट वाचला होता, इतकेच. हंगाम चालू असतानाच विजेत्यास जादा गुण देऊन दुरुस्ती करावी लागली.

२०१५ साली त्या संस्थेने जय-पराजयच वगळून सरासरी गुणांवर क्रम लावून पाहिला. २०१६ पासून निराळी घडी बसली : विजयाला २ गुण, बरोबरीला १, आणि नेमून दिलेली एखादी अवघड कामगिरी साधली तर जय होवो वा पराजय, तिचा आणखी १. दुबळे सोबती वाट्याला आले म्हणून हरलेल्या संघालाही आपले कसब दाखविण्यास त्यामुळे वाट राहिली. २०२५ साली जादा कामगिऱ्या तीन होत्या, तेव्हा विजयाचे मोलही ३ करण्यात आले. भूषणे वाढली तरी मुख्य दागिना फिका पडू नये, हे त्यातील तारतम्य.

या इतिहासातून काही सूत्रे सहज निघतात. हरण्यात लाभ होईल असा नियम कधीही नसावा. हिशेब प्रेक्षकांत बसलेल्या मुलालाही बोटांवर करता यावा. बरोबरी कशी सोडवावयाची, ते स्पर्धेपूर्वीच जाहीर व्हावे. निकालानंतर काढलेला नियम कितीही शहाणा असला तरी तो पक्षपातीच वाटतो. सोबती चिठ्ठीने ठरत असतील तर सामने पुरेसे व्हावे, म्हणजे दैवाचे पारडे थोडेफार समतोल होईल. दोन सामन्यांत दैव दिसते, दहांत गुण दिसू लागतात.

विद्यार्थी महिनोन् महिने जागून यंत्र उभे करतात आणि त्याची परीक्षा काही मिनिटांत आटोपते. पराभव ते पचवितात. पण आपल्या श्रमांचे माप खोटे निघाले, ही सल त्यांना विसरता येत नाही. म्हणून हंडी किती उंच बांधावी याचा विचार करण्याआधी बक्षीस कशाला लावावे याचा विचार बांधणाऱ्याने करावा. वर चढणारे पोर ते बक्षीस पाहूनच चढत असते.